पान चारशे एकाहत्तर

१

फाईल जिथे असायला हवी होती तिथे पुठ्ठा उभा होता.

संशोधन संस्थेच्या दप्तरखोलीतला हा जुना नियम. कपाटातून फाईल काढली की तिच्या जागी तेवढ्याच उंचीचा पुठ्ठा ठेवायचा आणि त्याला चिठ्ठी टाचायची, कोणी नेली आणि कधी नेली. या पुठ्ठ्याला चिठ्ठी नव्हती. बाकी सगळं यथासांग होतं.

"चोर कधी पुठ्ठा ठेवून जातो का हो, बाई?" दप्तरी म्हणाला. त्याचा आवाज रडवेला झाला होता आणि ते लपवायचं त्राण त्याच्यात नव्हतं.

ग्रंथपालबाईंनी पुठ्ठा बाहेर काढून उलटसुलट बघितला. दोन जिने उतरून आल्यामुळे त्यांचे गुडघे कुरकुरत होते. निवृत्तीला दोन महिने उरले होते आणि तेवढे दिवस कुणाच्या अध्यात-मध्यात न पडता काढायचे असा त्यांचा बेत होता. तो बेत आज सकाळी संचालकांनी पार मोडीत काढला.

झालं होतं ते असं. सोमवारच्या टपालात संचालकांना एक निनावी पत्र आलं. छापील अक्षरं, साडेतीन ओळी: "आपल्या संस्थेचा सर्वांत गाजलेला लेख (खंड ९, पाने ४७१ ते ४७८) चुकीचा आहे. पान ४७४ वरच्या तक्त्यात रुग्ण क्रमांक ४१ आणि ५८ हे एकच मूल आहे. मूळ कागद काढून बघावेत."

हा लेख म्हणजे संस्थेचं कुंकूच म्हणा ना. सदतीस वर्षांपूर्वी साठ मुलांवर केलेला अभ्यास. एका हट्टी तापावरचं औषध मोठ्या डोसात दिलं तरी मुलांच्या कानांना काही होत नाही, असा त्याचा निष्कर्ष. लिहिला होता मोठ्या डॉक्टरांनी. त्यांच्या नावावर आज एकशे त्रेचाळीस लेख होते, आणि जगभरच्या संशोधकांनी या एकट्या लेखाचा हवाला, त्यांच्या भाषेत सायटेशन, दोन हजारांहून जास्त वेळा दिला होता. लहान मुलांच्या वॉर्डांत अजूनही त्याच हिशेबाने औषध चालू होतं. शुक्रवारी एक समिती येऊन मोठ्या डॉक्टरांना जीवनगौरव देणार की नाही ते ठरवणार होती. आणि संचालकांनी मूळ कागद मागवले, तर फाईल गायब.

"किल्ली एकच, आणि ती माझ्या कमरेला," दप्तरी म्हणाला. "वर मीच शहाणपणा केला. साहेबांना म्हटलं, गेल्या वर्षी कपाट हलवलं तेव्हापासून डावं दार लोंबतंय, ते वर उचलून धरल्याशिवाय उघडत नाही, ती युक्ती माझ्याशिवाय कोणाला माहीत नाही. साहेब म्हणाले, मग झालंच की! स्वतःच्या हाताने पायावर धोंडा मारून घेतला बघा."

त्याने नोंदवही पुढे केली. बाईंनी ओळ वाचली: "साठ मुले, मूळ कागद. खंड ९, पाने ४१७ ते ४२४. ताबा: दप्तरी." शेवटची तपासणी सहा महिन्यांपूर्वीची होती, आणि तेव्हा फाईल जागेवर होती.

संचालक सकाळी म्हणाले होते, "समितीसाठी डॉक्टरांच्या लेखांचा आणि सायटेशनचा दाखला तुम्हालाच करायचाय. तो करता करता फाईलचंही बघा. शुक्रवारपर्यंत मिळाली नाही तर दप्तरींना घरी बसवावं लागेल." मग जरा थांबून, "कुणाला तरी बसवावंच लागेल ना?"

"बारा वर्षांत एक कागद इकडचा तिकडे झाला नाही, बाई," दप्तरी म्हणाला. "चोर म्हणून बाहेर पडलो तर मुलींना काय तोंड दाखवू?"

जिना चढताना बाईंनी पत्र तिसऱ्यांदा वाचलं. त्यात काहीतरी खटकत होतं. काय ते मात्र कळेना, आणि कळून घ्यायचा उत्साहही फारसा नव्हता.

२

मंगळवारी त्या विभागप्रमुखांकडे गेल्या. संस्थेत पाठीमागे सगळे त्यांना मोठ्या डॉक्टरांचे पट्टशिष्य म्हणत, आणि त्यांना ते ठाऊक असून आवडत असे. स्वतःचे साठ लेख, आणि साठांतल्या प्रत्येकाच्या पहिल्याच परिच्छेदात गुरूंच्या लेखाला नमस्कार.

"हा निव्वळ मत्सर आहे," पट्टशिष्य म्हणाले. "डॉक्टरांचा हवाल्यांचा आकडा, तो एच-इंडेक्स, बघून ज्यांच्या पोटात दुखतं त्यांचं काम. त्या आकडेबाईंना विचारा."

"तो लेख तुम्ही वाचलाय?"

"म्हणजे काय! पाठ आहे मला. ते तीन आलेख तर अजून डोळ्यांसमोर आहेत."

"दप्तरातून फाईल काढलीत तर तिच्या जागी काय ठेवता?"

पट्टशिष्यांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की बाईंना वाटलं, आपण यांना भाकरी कशी थापतात ते विचारलं की काय. "ठेवायचं काय? शिपाई आणतो, शिपाई नेतो. बाई, तुम्हाला फाईल शोधायला सांगितलीय ना? मग हे काय विचारताय?"

आकडेबाई म्हणजे संस्थेतली संख्याशास्त्रज्ञ. वय चौतीस, खोली जिन्याखालची, खिडकी नाही. तिने बाईंसाठी खुर्चीवरचे कागद उचलून जमिनीवर ठेवले.

"मी वाटच बघत होते," ती म्हणाली. "सगळ्यांनी माझ्या नावावर शिक्कामोर्तब केलंय. कारणही आहे म्हणा. दोन वर्षांत सात अर्ज केलेत ती फाईल बघायला. हे बघा."

बाईंनी अर्ज चाळले. सातही अर्जांवर तोच मजकूर, "खंड ९, पाने ४१७ ते ४२४, या लेखाचे मूळ कागद पाहण्याची परवानगी मिळावी." सातही अर्जांवर संचालकांचा "नाही".

"तू मूळ लेख वाचलायस?"

"नाही हो. मिळालाच नाही. तो अंक ऑनलाइन नाही, आणि तुमच्याकडच्या यादीतल्या पानावर तो निघत नाही. डॉक्टरांच्या पुस्तकात त्याचा गोषवारा आहे, त्याच्यावरच अडून बसले. साठ मुलं आणि साठही ठणठणीत. एकाचाही कान बिघडला नाही. इतकं ठणठणीत आयुष्यात काही असतं का, बाई?" तिने डोळे चोळले. "बहिणीच्या मुलाला गेल्या वर्षी तोच डोस दिला होता. मी त्याचे कान तीनदा तपासून घेतले. बहीण म्हणाली, तुझं डोकं फिरलंय."

"पत्र तू लिहिलंस?"

"लिहिलं असतं तर सही केली असती. सात अर्ज सहीचेच आहेत ना? आणि एक लक्षात घ्या. पुस्तकात फक्त बेरजा आहेत, रुग्णांचे क्रमांक नाहीत. एकेचाळीस आणि अठ्ठावन्न हे एकच मूल, हे फाईल उघडल्याशिवाय कोणाला कळायचं नाही."

बाई दारापाशी थांबल्या. "म्हणजे पत्र लिहिणारा आणि फाईल नेणारा एकच."

"असंच दिसतंय."

"मग 'मूळ कागद बघा' असं सांगून तो तेच कागद लपवेल कशाला?"



३

मोठे डॉक्टर अडुसष्ट वर्षांचे होते. निवृत्त होऊनही संस्थेने त्यांना खोली ठेवली होती. बुधवारी दुपारी बाई गेल्या तेव्हा ते खुर्चीत नुसते बसून होते. पायाशी कापडी पिशवी होती, चांगली जड दिसत होती. बाई येताच त्यांनी ती पायाने टेबलाखाली सारली.

"या. तुम्ही अभिनंदन करायला आला नसाल अशी आशा आहे. चार दिवस अभिनंदनवाल्यांना चहा पाजून मी थकलोय."

"दाखल्यासाठी यादी तपासायची होती. एकशे त्रेचाळीस लेख."

"यादी ऑफिसनेच केलीय, मी बघितलेली नाही. त्यातले मी किती लिहिले ते विचारा." ते हसले. "नऊ. फार तर दहा. बाकीच्यांवर माझं नाव आहे, कारण माझ्या नावाशिवाय ते छापून आले नसते. तुम्ही तो साठ मुलांचा लेख वाचलाय का हो?"

"नाही."

"खरं बोललात. बाकी सगळे पाठ आहे म्हणतात."

बाईंना या माणसाबद्दल पहिल्यापासून आदर होता. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात, त्या एकवीस वर्षांच्या असताना, या डॉक्टरांनीच त्यांना संस्था फिरून दाखवली होती. तेव्हा ते दप्तरखोलीचेही प्रमुख होते आणि प्रत्येकाला दम देऊन सांगायचे की पुठ्ठ्याशिवाय फाईल हलता कामा नये.

"फाईलीबद्दल काही सुचतंय का?" बाईंनी विचारलं.

"मला काय सुचणार? वीस वर्षांत त्या खोलीत मी पाऊल टाकलं नाही. तिथलं सगळंच आता माझ्यासारखं झालंय. ते कपाट बघा, डावं दार उचलून धरलं तरच उघडतं." ते खिडकीबाहेर बघत राहिले. "दप्तरींचं काय करणार आहेत?"

"शुक्रवारी घरी पाठवणार."

डॉक्टर एकदम वळले. "त्यांचा काय संबंध?"

"किल्ली त्यांच्याकडे आहे."

त्यांनी पायाने पिशवी आणखी आत सारली. मग म्हणाले, "काहीतरी करा हो, बाई. तुम्ही ठरवलंत तर कराल."

बाई खाली आल्या त्या जरा चिडूनच. सगळ्यांनी त्यांनाच सांगावं, काहीतरी करा. जणू फाईल त्यांनीच घडी करून पदरात बांधून ठेवली होती.

४

दाखला करायचा तर प्रत्येक सायटेशन डोळ्यांखालून घालायला हवं. बाईंनी कॉम्प्युटर लावला, चष्मा बदलला आणि बसल्या. दोन हजार तेरा नोंदी. जगभरची नावं, अवघड अवघड गावं, आणि प्रत्येकाच्या शेवटी तोच एक संदर्भ: खंड ९, पाने ४१७ ते ४२४.

दोनशेव्या नोंदीपाशी त्यांना खटकत होतं ते सापडलं. निनावी पत्रात ४७१ होतं. इथे सगळीकडे ४१७. दप्तरीच्या वहीत, आकडेबाईच्या सात अर्जांत, डॉक्टरांच्या छापील यादीत, सगळीकडे ४१७.

पत्र लिहिणाऱ्याने आकडे उलटे लिहिले, दुसरं काय? असं म्हणून त्यांनी खात्रीसाठी मागच्या खोलीतून तो जुना अंक काढला. लहानसं त्रैमासिक, कधीच बंद पडलेलं. पान ४१७ उघडलं. तिथे दातांच्या कवळ्या कशा बसवाव्यात यावर एक लेख होता.

अनुक्रमणिकेत स्पष्ट छापलं होतं, पान ४७१.

बाईंनी अंक तसाच उघडा ठेवला. त्या लाकडी खणांपाशी गेल्या. जुनी सूची-कार्डं आता कोणी वापरत नसे, पण एके काळी संस्थेतला प्रत्येक संदर्भ त्यांच्यावरूनच उतरवला जायचा. कार्ड सापडलं. लेखकाने लिहून दिलेल्या तपशिलावरून टाइप केलेलं, कडा पिवळ्या पडलेल्या: "खंड ९, पाने ४१७ ते ४२४. १ तक्ता. आलेख नाहीत." कोपऱ्यात टाइप करणाऱ्याची आद्याक्षरं होती. ती त्यांचीच होती. नोकरीचा पहिला आठवडा होता तो.

सुरुवात चुकली म्हणून शेवटही त्याच हिशेबाने चुकला होता. त्यांच्या कार्डावरून फाईलीवरची पट्टी झाली, पट्टीवरून वही, वहीवरून यादी. यादीवरून पट्टशिष्यांनी घेतलं, पट्टशिष्यांवरून जगाने. दोन हजार तेरा विद्वानांनी एका एकवीस वर्षांच्या मुलीची चूक जशीच्या तशी उचलली होती, आणि मुलांच्या तापाच्या नावाखाली कवळ्यांचा हवाला देत बसले होते. एरवी बाई हसल्या असत्या. आता त्यांना फार लाज वाटली.

पत्रव्यवहाराच्या जुन्या गठ्ठ्यात आणखी दोन कागद मिळाले. बाहेरच्या दोन ग्रंथालयांनी वेगवेगळ्या वर्षी त्या लेखाची प्रत मागितली होती. दोन्हींवर बाईंच्या हाताखालच्यांनी शेरा मारला होता, "दिलेल्या पानावर लेख नाही." खाली सही बाईंची.

संध्याकाळी घरी नणंदेने चेहरा बघूनच विचारलं, "वहिनी, कोणी मेलंय का?" नणंद शाळेतून गणिताच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झाली होती आणि भाऊ गेल्यापासून बाईंबरोबरच राहत होती. बाईंनी सगळं सांगितलं. नणंद शेंगा सोलत ऐकत होती.

"दोन हजार जणांचं उत्तर चुकलं आणि सगळ्यांचं सारखंच चुकलं," ती म्हणाली. "म्हणजे कॉपी. यात नवल काय? माझा अख्खा वर्ग करायचा. मी त्यांच्याकडे बघायचेच नाही."

"मग कोणाकडे बघायचीस?"

"ज्याचं एकट्याचं बरोबर आलंय त्याच्याकडे. त्याने गणित स्वतः सोडवलेलं असतं ना."

बाईंच्या हातातली शेंग हातातच राहिली.

५

गुरुवारी सकाळी त्यांनी अंक पुन्हा काढला आणि पान ४७१ उघडलं. ४७२ झालं. ४७४ बघायला गेल्या तर पान उलटेना.

त्या त्रैमासिकाचे अंक कडा न कापताच यायचे. वाचणाऱ्याने पट्टी घालून पानं सोडवून घ्यायची. ४७३ ते ४७६ ही पानं अजून वरच्या कडेला जोडलेलीच होती. सदतीस वर्षांत ती कोणी सोडवली नव्हती. तक्ता आतच बंद होता.

बाईंनी अंक तसाच मिटला, कागदात गुंडाळला आणि दोन जिने चढून मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. दार आतून लावून घेतलं. डॉक्टरांनी अंकाकडे पाहिलं.

"दप्तरींनी हे केलेलं नाही," बाई म्हणाल्या. "त्यांच्यापुढे फाईल होती, आणि फाईलीवरच्या पट्टीवर ४१७ आहे. त्यांनी ४१७च लिहिलं असतं. आकडेबाईनेही तेच लिहिलं असतं, सात वेळा लिहिलंयच. तुमच्या पट्टशिष्यांना लेखात तीन आलेख दिसतात, त्यात एकही नाही. पत्र लिहिणाऱ्याने बरोबर पान लिहिलंय. नुसतं पहिलं पान नाही, तक्त्याचंही. या संस्थेतली एकमेव प्रत ही. हिची पानं अजून जोडलेली आहेत. म्हणजे त्याच्याकडे स्वतःची प्रत आहे."

डॉक्टरांनी अंक हातात घेऊन जोडलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

"शिवाय त्याने फाईल काढली आणि जागी पुठ्ठा ठेवला. चोर असं करत नाही. ज्याच्या हाताला ती सवय आहे तोच करतो, त्याला स्वतःला कळतसुद्धा नाही. आणि कपाटाचं डावं दार गेल्या वर्षापासूनच लोंबतंय, डॉक्टर. तुम्ही तर वीस वर्षांत तिथे पाऊल टाकलेलं नाही."

"जुनी किल्ली परत द्यायची राहून गेली होती," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज अगदी साधा होता, ओझं उतरवून ठेवलेल्या माणसासारखा. "लेखाच्या पंचवीस सुट्या प्रती मिळाल्या होत्या. एक घरी आहे."

"स्वतःच्याच विरुद्ध पत्र?"

"समितीला दाखवायला एखादा जुना कागद काढावा म्हणून मागच्या महिन्यात गेलो. सदतीस वर्षांनी फाईल उघडली. शेवटी एक कागद मागे दुमडून टाचलेला दिसला." त्यांनी बोटांनी ती घडी करून दाखवली. "सात वर्षांची मुलगी होती. अठ्ठावन्न नंबर. तिसऱ्या आठवड्यात तिची आई येऊन म्हणाली, हाक मारली तरी वळत नाही. माझे गुरू म्हणाले, ते तापामुळे, तिला वगळ. मग एकोणसाठच राहिली. साठ हवी होती. मी एकेचाळीसचा कागद अठ्ठावन्न म्हणून उतरवला. अक्षर माझंच आहे, बाई. मी ते विसरलो होतो. खोटं नाही सांगत. माणूस मनावर घेतलं तर काय वाटेल ते विसरतो."

"मग सही का नाही केलीत?"

"धीर झाला नाही. वाटलं, पत्र टाकू, फाईल जागेवर ठेवू, बाकीचं दुसरे बघतील. पत्र टाकलं. फाईल ठेवायला मात्र हात होईना." त्यांनी पायाने ती कापडी पिशवी टेबलाखालून पुढे ओढली. "रोज सकाळी घेऊन येतो आणि संध्याकाळी परत नेतो. दप्तरींचं नाव पुढे आल्यावर तर हात आणखीच आखडला. मी भेकड आहे, बाई, दुसरं काही नाही."

बाईंना राग आला होता, आणि तरी त्या माणसाची दयाही येत होती. त्यांनी पर्समधून ते पिवळं कार्ड काढून त्यांच्यापुढे ठेवलं.

"हे माझं. पहिल्या आठवड्यातलं. ४७१चं ४१७ मी केलं."

डॉक्टरांनी कार्ड डोळ्यांजवळ नेलं. "तुमच्या चुकीने कोणाचा कान गेला नाही."

"तुमची चूक सदतीस वर्षं कोणी उघडून बघितली नाही ती माझ्यामुळे. दोघांनी शोधायचा प्रयत्न केला होता. त्यांना मी कळवलं, इथे असा लेख नाही. सही माझी आहे." त्यांनी कार्ड परत घेतलं. "मी हे कार्ड उद्या समितीपुढे ठेवणार आहे. तुम्ही पिशवीचं काय करणार ते तुमचं तुम्ही ठरवा. मी तुमची फाईल उचलून नेणार नाही. जिने उतरायचे तर तुम्ही उतरा."

त्या निघाल्या. डॉक्टरांनी त्यांना थांबवलं नाही.

६

शुक्रवारी नऊ वाजता दप्तरी आपला डबा, छत्री आणि मुलींचा फोटो पिशवीत भरत होता. बाई स्टुलावर बसल्या होत्या. घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवूनही त्या बघत होत्या. साडेनऊ झाले. पावणेदहा झाले. समिती दहाला येणार होती.

जिन्यावर पावलं वाजली, हळू, प्रत्येक पायरीवर थांबणारी. मोठे डॉक्टर दारात आले. त्यांनी पिशवीतून फाईल काढून दप्तरीच्या टेबलावर ठेवली आणि शेजारी ती जुनी किल्ली.

"मी नेली होती," ते म्हणाले. "चिठ्ठी लावली नाही. ते माझं चुकलं."

दप्तरी फाईलीकडे बघत राहिला. मग त्याने नोंदवही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि भरल्या डोळ्यांनी, पण नेहमीच्याच सुरात म्हणाला, "साहेब, इथे नाव. इथे नेल्याची तारीख. इथे सही."

डॉक्टरांनी सही केली. मग फाईल रीतसर पुन्हा मागून घेतली, पुठ्ठ्याला चिठ्ठी टाचली आणि समितीसमोर गेले.

जीवनगौरव अर्थातच मिळाला नाही. संचालकांनी बाईंशी बोलणं सोडलं, आणि बाईंना त्याचा काही त्रास झाला नाही. दप्तरी आपल्या जागेवर राहिला. आकडेबाईला फाईल मिळाली आणि खिडकीची खोलीही. डॉक्टरांनी लेख मागे घेत असल्याची सूचना स्वतःच्या एकट्याच्या नावाने लिहिली. ती दुसऱ्या एका नियतकालिकाला छापायला पाठवण्याआधी बाईंकडे आणली. "पान तेवढं बघा," ते म्हणाले. बाईंनी ते चार वेळा बघितलं. खाली एक ओळ त्यांनीच घालायला लावली होती: "आजवर हा लेख पान ४१७ असा चुकीने उद्धृत होत आला आहे."

जग मात्र आपल्या वाटेने चालत राहिलं. बाईंच्या नोकरीच्या उरलेल्या दिवसांत त्या मागे घेतलेल्या लेखाला आणखी नऊ सायटेशन मिळाली. नऊही ४१७. बाई रोज बघायच्या आणि रोज थकायच्या.

शेवटच्या दिवशी त्या टेबलाचा खण रिकामा करत असताना फोन वाजला. कुठल्याशा लहान इस्पितळातल्या मुलांच्या डॉक्टरीण होत्या. मागे एक मूल रडत होतं.

"तुमच्याकडे तो साठ मुलांचा लेख आहे ना? पाने ४७१ ते ४७८? मागे घेतल्याची सूचना वाचली. माझ्या वॉर्डात दोन मुलं त्याच डोसावर होती, कालच डोस खाली आणलाय. पण मला मूळ लेख स्वतः बघायचाय. सगळा. मिळेल?"

बाईंनी समोरच्या कागदावर ४७१ लिहून घेतलं.

"मिळेल," त्या म्हणाल्या. "दहा मिनिटं द्या."

त्यांनी अंक काढला, टेबल पुसलं आणि खणातली लाकडी पट्टी घेतली. ती जोडलेल्या पानांच्या घडीत सरकवली आणि न फाडता, सावकाश, कडेने ओढत नेली.